शाळेच्या अंगणातला तरंगता मनोरा : एका टेन्सेग्रिटी शिल्पाची गोष्ट

पार्श्वभूमी

पुण्याच्या जुन्या वस्तीतली एक मराठी माध्यमाची शाळा. वर्धापनाचं मोठं वर्ष होतं आणि माजी विद्यार्थ्यांनी शाळेला अंगणात उभं राहील असं काहीतरी द्यायचं ठरवलं. पुतळा नको, कारंजं नको, यावर सगळ्यांचं एकमत झालं. मग त्यांच्यातल्या एका तरुण शिल्पकाराने टेन्सेग्रिटीचं, म्हणजे ताणलेल्या दोऱ्यांच्या जोरावर दांडे हवेत उभे ठेवणाऱ्या रचनेचं, नाव काढलं.

२०२० च्या टाळेबंदीत आइसक्रीमच्या काड्या किंवा लेगोचे ठोकळे आणि दोऱ्यांची 'तरंगती टेबलं' घरोघरी झाली होती. वरची फळी तीन-चार दोऱ्यांवर हवेत उभी दिसते, कारण मधला एक दोरा तिला वर धरून ठेवतो आणि कडेचे तीन दोरे तिला कलंडू देत नाहीत. शिल्पकाराने ती बरीच केली होती. आता त्याला खरी टेन्सेग्रिटी करायची होती. खरी म्हणजे ज्यात एकही दांडा दुसऱ्या दांड्याला टेकत नाही आणि कुठल्याही दांड्याला वाकवणारा भार येत नाही. दांड्यांनी फक्त दाब सोसायचा, दोऱ्यांनी फक्त ताण.

आराखडा दोन मजली मनोऱ्याचा होता. खाली तीन तिरपे बांबू, वर तीन, आणि त्यांना सांधणाऱ्या चोवीस दोऱ्या. प्रत्येक बांबू तीन मीटरचा, एकूण उंची पावणेपाच मीटरच्या आसपास. नववीच्या मुलांनी शिल्पकाराच्या हाताखाली आठवडाभर खपून एप्रिलमध्ये तो उभा केला. बांबू ओला होता, दोरी सहा मिलिमीटरची नायलॉनची. पायथ्याला काँक्रीटचा कट्टा. शेजारी पाटी लावली, तिच्यावर अमेरिकन रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांचं नाव आणि चार ओळी माहिती.

मनोरा सुंदर होता, हे आधी नोंदवतो. पुढे जे झालं त्यामुळे लोक हे विसरतात. सकाळच्या उन्हात दोऱ्या दिसेनाशा व्हायच्या आणि सहा बांबू हवेत थांबलेले दिसायचे. पहिलीतली मुलं त्याच्या भोवती गोल फिरून 'टेकलंय कुठं' ते शोधायची.

रचना उभी कशी राहते

प्रकरण समजायला थोडं गणित लागतं, पण ते अवघड नाही.

भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एकोणिसाव्या शतकात चौकटींसाठी एक हिशेब दिला. अवकाशात सांध्यांची संख्या तिप्पट करायची आणि त्यातून सहा वजा करायचे. चौकट ताठ राहायला साधारण तेवढे घटक लागतात. आपल्या मनोऱ्यात बांबूंची बारा टोकं, म्हणजे बारा सांधे. बारा त्रिक छत्तीस, वजा सहा, तीस. घटकही सहा बांबू आणि चोवीस दोऱ्या मिळून बरोबर तीस. हिशेब जुळला, पण टेन्सेग्रिटीची खुबी याच्या पुढे आहे. घटकांची संख्या नेमकी पुरेशी असताना जर त्या रचनेत बाहेरचा भार नसतानाही आतल्या आत टिकणारा ताण भरता येत असेल, तर त्या बदल्यात तिच्यात एक हालचाल मोकळी राहते. मनोरा थोडासा पिळ खाऊ शकतो, झुलू शकतो. ही हालचाल आवरतो तो आधीच भरून ठेवलेला ताण. दोऱ्या जितक्या ओढलेल्या, तितका मनोरा ताठ. दोरी दुप्पट जाड घेतली आणि ताण भरलाच नाही, तर तो डुलतच राहणार.

याचा दुसरा परिणाम फार थोड्यांच्या लक्षात येतो. या रचनेत ताणाची एकच वाटणी शक्य असते, आणि सगळ्या दोऱ्या-बांबूंमधले भार एकमेकांशी ठरलेल्या प्रमाणात असतात. म्हणून एका दोरीतला भरलेला ताण शून्यावर आला, तर तो सगळ्यांतलाच गेलेला असतो. बाकीच्या दोऱ्या ताठ दिसतात त्या केवळ बांबूंच्या वजनाने.

अमेरिकन शिल्पकार केनेथ स्नेल्सन यांनी १९४८ मध्ये, विद्यार्थी असताना, फुलर यांच्या अमेरिकेतल्या ब्लॅक माउंटन कॉलेजमधल्या उन्हाळी वर्गानंतर या जातीची आपली पहिली लहान शिल्पं केली. पुढे १९६८ मध्ये त्यांनी उभा केलेला सुमारे अठरा मीटरचा 'नीडल टॉवर' वॉशिंग्टनच्या हर्शहॉर्न संग्रहालयाबाहेर आहे. त्यात ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि पोलादी तारा आहेत. उघड्यावर उन्हापावसात उभं राहायचं तर साहित्य कसं लागतं, ते यावरून दिसतं.

काय बिघडलं

मे महिन्यात वळवाचे दोन पाऊस झाले. त्यानंतर वरच्या मजल्यातली एक दोरी सैल दिसू लागली.

नायलॉन कायमच्या ताणाखाली हळूहळू लांबत जातो, आणि पाणी शोषल्यावर अधिक लवचीक होतो. ओला बांबू वाळताना जाडीत आकसतो, त्यामुळे टोकांवर आवळलेले वेढे ढिले पडतात. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने काम करत होत्या आणि ताण रोज थोडा थोडा उतरत होता. सुट्टीमुळे शाळेत कोणी नव्हतं. शिल्पकार परगावी. शिपाईकाकांनी शिडी लावली, सैल दिसणारी ती एक दोरी खेचून घेतली आणि वर पक्की गाठ मारली. त्यांच्या जागी मी असतो आणि मला ही रचना ठाऊक नसती, तर मीही तेच केलं असतं. सैल झालं की आवळायचं, हे प्रत्येक हाताला शिकवलेलं असतं.

पण एका मजल्यावरच्या तीन सारख्या दोऱ्यांपैकी एकच आखूड झाली, आणि मनोरा त्या बाजूला झुकला. मग समोरची दोरी सैल वाटू लागली. जूनमध्ये शाळा उघडल्यावर कोणीतरी तीही आवळली.

जुलैत शिष्यवृत्तीचा निकाल लागला. अभिनंदनाचा दोन मीटर बाय दीड मीटरचा फ्लेक्स आला आणि तो लावायला अंगणात सगळ्यात उंच, सगळ्यांना दिसणारी जागा एकच होती. नुसता मनोरा वाऱ्याला जवळपास पारदर्शक असतो. फ्लेक्स लावला की तो शिडाचं जहाज होतो. ताशी पन्नास किलोमीटरचा झोत आला तर तीन चौरस मीटरच्या फ्लेक्सवर साधारण पस्तीस किलोचा आडवा रेटा येतो, तोही वरच्या टोकाला. एका पावसाळी रात्रीनंतर सकाळी मनोरा नळाच्या बाजूला हातभर कललेला होता आणि एका बांबूच्या टोकाला, भोक पाडलं होतं तिथून, लांब चीर गेली होती. प्रार्थनेसाठी मुलं रांगेत उभी राहतात ती जागा तिथून चार पावलांवर.

कोणाला इजा झाली नाही. मोठ्या बाईंनी त्याच दिवशी अंगणाचा तो भाग दोरी बांधून बंद केला. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून या प्रकरणात आलो तो इथून पुढे.

समोर आलेले पर्याय

पहिल्या बैठकीत मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, मला एकच सांगा. एक दोरी तुटली तर काय होईल?"

संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच होता, आणि तो एप्रिलमध्ये कोणी विचारला नव्हता. उत्तर स्पष्ट होतं. इतक्या मोजक्या दोऱ्यांच्या रचनेत एक तुटली की सगळं खाली येतं. नेहमीच्या इमारतीत एखादा घटक कमकुवत झाला तर शेजारचे थोडा भार उचलतात. इथे ती सोय नाही. जी गोष्ट या रचनेला इतकी हलकी आणि देखणी करते, तीच तिची नाजूक बाजू आहे.

काढून टाकणं हा पहिला पर्याय. पालक समितीतल्या दोघांना तो हवा होता आणि त्यांची काळजी रास्त होती.

दुसरा पर्याय भोसरीच्या एका फॅब्रिकेटरने दिला. मधोमध तीन इंची लोखंडी पाइप उभा करायचा, बांबू त्याला क्लॅम्पने पकडायचे, एका दिवसात काम. स्वस्त आणि पूर्ण सुरक्षित. बैठकीत बहुतेक जण याच बाजूला झुकले. मी विरोध केला, आणि तो फक्त सौंदर्यासाठी नव्हता. पाइप आल्यावर दोऱ्यांना काही कामच उरत नाही. पाटीवर 'हे दांडे फक्त दोऱ्यांच्या ताणावर उभे आहेत' असं लिहायचं आणि आत खांब लपवायचा, हे विज्ञान शिकवणाऱ्या शाळेच्या अंगणात चालणार नाही. खांबच हवा असेल तर पाटी बदला, असं मी म्हटलं. त्यावर मोठ्या बाईंनी खांबाचा विषय बाजूला ठेवला.

तिसरा, सगळं स्टेनलेस स्टीलमध्ये करणं. ब्रिस्बेनचा कुरिल्पा पूल पोलादी दांडे आणि केबल वापरूनच २००९ मध्ये झाला. पादचारी आणि सायकलींसाठीचा ४७० मीटरचा तो पूल टेन्सेग्रिटीच्या तत्त्वाचा अंशतः वापर करतो. पण आपल्या अंगणात स्टीलच्या नळीचा अर्थ वेगळा होता. पडलीच तर तिचं वजन मुलांच्या डोक्यावर, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना हात लावून काही करण्याजोगं उरत नाही.

चौथा पर्याय बांबू ठेवून बाकी सगळं बदलण्याचा. उंची कमी, दोरीच्या जागी पोलादी तार, टोकांना नीट टोप्या, तार तुटली तरी पडझड थोपवणारी जोडदोरी, आणि ताण राखण्याची लेखी जबाबदारी कोणा एकाकडे. यातली शेवटची अट मी सगळ्यात वर लिहिली होती. ती मान्य नसेल तर पहिला पर्याय घ्यावा, हेही त्याच कागदावर होतं.

आणखी तारा घालून ती मोकळी हालचालच बंद करण्याचा विचारही झाला. ते शक्य असतं, मोठ्या रचनांत करतातही. पण तारा वाढल्या की प्रत्येकीची लांबी अचूक लागते, नाहीतर काही ताठ आणि काही नुसत्या लोंबतात. मुलांच्या हातून होणाऱ्या कामासाठी मला ते पेलण्यासारखं वाटलं नाही.

शाळेने चौथा पर्याय घेतला. मोठ्या बाईंची एक अट होती. पावसाळा संपेपर्यंत मनोरा उतरवलेला राहील. ती बरोबरच होती.

प्रत्यक्ष काम

बांबू बदलला. कोकणात माणगा नावाचा बांबू लावतात. सरळ वाढतो आणि बराचसा भरीव असतो. पोकळ बांबूच्या टोकाला भोक पाडलं की चीर तिथूनच सुरू होते. पक्का वाळवलेला, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडची प्रक्रिया केलेला माणगा आणला. लांबी तीन मीटरवरून दोन मीटर चाळीस सेंटिमीटर केली. दाबाखाली बाजूला न वाकता टिकण्याची दांड्याची ताकद लांबीच्या वर्गाच्या उलट प्रमाणात बदलते, म्हणून जाडी तीच ठेवूनसुद्धा प्रत्येक बांबूची क्षमता दीडपटीहून अधिक वाढली. मनोरा पावणेचार मीटरच्या आसपास आला. शिल्पकाराला उंची कमी करणं जड गेलं. त्याने छोटी प्रतिकृती करून प्रमाण बघितलं आणि मग होकार दिला.

टोकांवर भोकांऐवजी लोखंडी टोप्या बसवल्या, ज्यांच्या तळाला बांबूचा पूर्ण छेद टेकतो. तारा टोपीला वेल्ड केलेल्या कड्यांत अडकतात. बोहरी आळीतून चार मिलिमीटरची स्टेनलेस वायर रोप आणि टर्नबकल, म्हणजे फिरवून तार आवळायचे स्क्रू, आणले. नव्या वायर रोपचे पदर पहिल्या ओढीत एकमेकांत बसतात आणि ती थोडी लांबते, म्हणून वापरण्याआधी प्रत्येक तुकडा वजन टांगून ताणून घेतला, मगच मापं घेऊन टोकांवर फेरूल, म्हणजे तार पकडणाऱ्या धातूच्या नळ्या, दाबले.

टर्नबकल किती लावायचे यावर खूप चर्चा झाली. प्रत्येक तारेला लावला तर चोवीस ठिकाणी चूक करायची सोय होते. ताणाची वाटणी एकच असल्यामुळे सगळ्या तारांची लांबी नीट कापली असेल, तर मोजक्या तारा आवळून सगळ्यांत ताण भरता येतो. खालच्या मजल्याच्या तीन उभ्या तारांना आणि वरच्या मजल्याच्या तीन उभ्या तारांना मिळून सहाच टर्नबकल लावले. बाकी अठरा तारा ठरलेल्या लांबीच्या, कोणी हातच लावू शकणार नाही अशा.

आवळायचं कोणी? इथे मला शाळेच्या फाटकाबाहेरच्या सायकल दुरुस्तीवाल्या काकांची आठवण झाली. सायकलचं चाक याच कुळातलं आहे. स्पोक फक्त ओढतात, रिम दाब सोसते, आणि आधीच भरलेल्या ताणावर एवढी बारीक तार माणसाचं वजन पेलते. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढताना काका एक स्पोक कधीच पूर्ण आवळत नाहीत. इथे पाव फेरा, समोर पाव फेरा, मग चाक फिरवून बघायचं. मी त्यांना रचना दाखवली. त्यांनी एका तारेला बोटाने टिचकी मारली, शेजारच्या दोघींना मारली आणि म्हणाले, "तिन्हींचा आवाज एक यायला पाहिजे ना?"

पाहिजेच. सारख्या लांबीच्या आणि जाडीच्या तारेत ताण स्वराच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. संगीताच्या बाईंनी पुढे मुलांना ते पटकन समजावलं. एक तार 'सा' देत असेल आणि तिची जोडीदारीण 'प', तर कंपनसंख्या दीडपट आणि ताण सव्वादोनपट आहे. महागडं ताणमापक यंत्र आणायची गरजच उरली नाही. मी हिशेबासाठी एकदा काट्याने ओढून आकडे पडताळले, पुढचं काम कानावर सोडलं.

मग बोर्डवर नियम लिहिला. एकटी तार कधीही आवळायची नाही. एका मजल्यावरच्या तिन्ही टर्नबकलना एकाच वेळी पाव फेरा, मग टिचक्या, मग पुढचा पाव फेरा.

प्रत्येक मुख्य तारेशेजारी किंचित सैल अशी बारीक जोडतार टाकली. मुख्य तार तुटली तर मनोरा वेडावाकडा होऊन थांबेल, जमिनीवर येणार नाही. उतरवलेल्या जागेत कमी उंचीवर एक तार मुद्दाम कापून हे पाहिलं. रचना पिळली, बसली, आणि लटकत राहिली. त्यानंतरच पालक समितीने सही केली. कट्ट्याभोवती तगरीची झुडपं लावली, म्हणजे कोणी सहज रेलत नाही.

पाटीही बदलली. आता तिच्यावर स्नेल्सन यांचं नाव आधी आहे, फुलर यांचं नंतर, आणि १९२१ च्या मॉस्कोतल्या प्रदर्शनात ताण-दाबाच्या अशाच रचना मांडणाऱ्या लॅटव्हियन कलाकार कार्लिस योहान्सन्स यांचंही. आपल्या विद्यार्थ्याच्या शोधाचं श्रेय फुलर यांनी पुरेसं दिलं नाही, ही तक्रार स्नेल्सन आयुष्यभर करत राहिले. शाळेतल्या पाटीवर तरी विद्यार्थ्याचं नाव असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

निष्पत्ती

मनोरा दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा उभा राहिला. पहिल्या महिन्यात ताण थोडा उतरला, तारा बसत गेल्या, दोनदा पाव-पाव फेरा द्यावा लागला. नंतर स्वर स्थिर झाला. उन्हाळ्यात दुपारी स्वर किंचित खाली येतो, कारण पोलाद तापून लांबतं आणि बांबू लांबीत तेवढा बदलत नाही. आठवीच्या मुलांनी हे स्वतः नोंदवहीत पकडलं आणि कारण विचारत विज्ञानाच्या सरांकडे गेली. या सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे.

शिल्पकाराला आजही जुना, उंच मनोरा अधिक आवडतो. दिसण्याच्या दृष्टीने त्याचं म्हणणं खरं आहे. जोडतारांमुळे जवळून पाहताना थोडा गोंधळ दिसतो. लांबून दिसत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

'एक तार तुटली तर?' हा प्रश्न आराखड्याच्या पहिल्या कागदावर हवा. शिल्प आणि खेळणं यांच्या मधल्या जागेत असलेल्या वस्तूंना कोणी परवानगी मागत नाही, म्हणून तो कोणी विचारतही नाही. पावणेपाच मीटर उंचीची गोष्ट मुलांमध्ये उभी राहते तेव्हा ती आधी बांधकाम असते.

एक मजली, पूर्ण आकाराचा नमुना आधी करून तो एक पावसाळा काढू द्यायला हवा होता. नायलॉनचं लांबणं आणि ओल्या बांबूचं आकसणं तीन बांबूंवरच कळलं असतं. वर्धापनाची तारीख जवळ आल्याने ते झालं नाही. तारखेच्या दिवशी छोटी रचना आणि वर्षभराने मोठी, असंही करता आलं असतं.

शिपाईकाकांना एप्रिलमध्येच पाच मिनिटं द्यायला हवी होती. देखभाल ज्याच्या हातून होणार, त्याला रचना कशी चालते हे सांगितलेलं नसेल तर तो प्रामाणिकपणे चुकीची दोरी आवळतो. आता त्यांच्याकडे टर्नबकलचा पाना आहे, आणि महिन्यातून एकदा मुलं टिचक्या मारून स्वर सांगतात तेव्हा नोंदवहीवर सहीही तेच करतात.

जोडतारांची रचना मी पुढच्या वेळी वेगळी करेन. तारेशेजारी तार घालण्याऐवजी तीच तार दुपदरी घ्यावी, एक पदर ताणलेला आणि दुसरा आतून सैल, म्हणजे नजरेला एकच रेघ दिसेल. याचा छोटा नमुना शिल्पकार सध्या करतो आहे.

आणि फ्लेक्ससाठी फाटकाजवळ दोन स्वतंत्र खांब हवे होते. शाळेत अभिनंदनाचे फलक लागणारच, ते लागायलाच हवेत. जागा दिली नाही तर ते सर्वांत उंच वस्तूवरच लागतात. ते दोन खांब गेल्या डिसेंबरमध्ये उभे केले.